सातबाऱ्यावर बाईचं नाव लावायची मोहीम : सुरुवात कुठून करावी?

बांधावरची
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच, चुकलं तर सांभाळून घ्या.
आमच्या गावात बायकांचे १४ बचत गट आहेत, मी त्यांच्या ग्रामसंघाचं काम बघते. गेल्या महिन्यात आमच्या गटातल्या एका बाईचा नवरा विहिरीवर मोटार चालू करताना शॉक लागून गेला. वय ३८, दोन लेकरं. दहावा झाला आणि तिसऱ्याच दिवशी ती माझ्याकडे आली, ताई सोसायटीत गेले होते, म्हणतात तुझं नाव कुठंच नाही. सातबारा काढला तर तो अजून सासऱ्याच्या नावावर, सासरे जाऊन ९ वर्षं झाली. चार एकर आहे, सासऱ्यांनी स्वतः विकत घेतलेलं. राबली ती १५ वर्षं आणि कागदावर तिचा मागमूस नाही.
परवा मीटिंगमध्ये सगळ्याजणी म्हणाल्या की हे आज तिच्यावर आलंय उद्या आपल्यावर येईल, तर गावातल्या प्रत्येक घरात बाईचं नाव जमिनीला आणि घराला लागलंच पाहिजे. पण सुरुवात कशी करायची यावर दोन तट पडले. निम्म्या म्हणतात आधी विधवा आणि टाकलेल्या बायकांचे संजय गांधी निराधार योजनेचे फॉर्म भरा, पोटात काही जाऊ दे, जमिनीचं भांडण पिढ्यानपिढ्या चालतं. बाकीच्या म्हणतात अनुदान आज आहे उद्या नाही, जमीनच धरा. ज्यांनी असं काम केलंय त्यांनी अनुभव सांगा. आणि हात जोडून विनंती, पक्षांचं राजकारण इथं नको.

मुक्कामपोस्ट
दोन्ही करा. वाट कशाला बघायची.

घारीची_नजर
ताई बाकी सगळं बाजूला ठेवा आणि हे आधी वाचा. शॉक लागून मृत्यू म्हणताय म्हणजे अपघाती. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत २ लाख मिळतात. खातेदार नसला तरी खातेदाराच्या घरातला एक माणूस त्यात बसतो. पण अर्ज ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे जावा लागतो. पोलीस पंचनामा आणि पीएम, म्हणजे शवविच्छेदनाचा रिपोर्ट आहे का? तारीख मोजा आजच्या आज.

बांधावरची
@घारीची_नजर, देवासारखे आलात. आज २२ वा दिवस आहे. पंचनामा झालेला आहे, पीएम रिपोर्ट मिळायचाय. उद्या सकाळीच जाते तिला घेऊन. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं हे, कुणीच नाही.

निवृत्त_तलाठी
३१ वर्षं हेच काम केलं म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा येईल पण वाचा.
सातबाऱ्यात बाई कुठं हरवते ते आधी ओळखायला शिका. पहिली जागा म्हणजे ही तुमची, वारस नोंदच झालेली नाही, मेलेल्या माणसाच्या नावावर जमीन. घरात भांडण नसतं म्हणून कुणी करत नाही आणि भांडण लागलं की मग कुणी करू देत नाही. दुसरी जागा, जुन्या उताऱ्यावर थोरल्या भावाच्या नावापुढं 'एकुमॅ' लिहिलेलं दिसेल, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. नाव एकट्याचं पण धारण सगळ्यांचं. पुढच्या पिढीला वाटतं तोच मालक. तिसरी जागा सगळ्यात वाईट, ती म्हणजे 'इतर हक्क'. वारस नोंद करताना मुलांची नावं कब्जेदार सदरी, म्हणजे मालकांच्या रकान्यात, आणि विधवेचं, बहिणींचं नाव उजवीकडं इतर हक्कात टाकायची पद्धत होती. बाईला वाटतं माझं नाव आहे, आहे खरं, पण चुकीच्या रकान्यात. मी नोकरीला लागलो तेव्हा आमचे वरिष्ठ असंच लिहायला सांगायचे आणि मीही तशा नोंदी धरल्या, त्याचं आज वाईट वाटतं, म्हणून आता गावोगाव फुकट उतारे वाचून देतो.
तर तुमची मोहीम अशी सुरू करा. सगळ्या गटांच्या बायकांना आपापल्या घरचा सातबारा आणि आठ अ, म्हणजे खात्याचा उतारा, घेऊन एका दिवशी बोलवा. फक्त वाचायचं. कुणाचं नाव कुठं आहे, जिवंत किती आणि मेलेले किती. भांडण काही नाही त्यात. २०२५ मध्ये शासनाने जिवंत सातबारा मोहीम काढली होती ती याचसाठी, मयत खातेदारांचे वारस लावायला. ज्यांचं तेव्हा राहिलं त्यांचं आता करून घ्या.
वारस नोंदीला अर्ज, मृत्यू दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, बस. अर्ज ऑनलाइन ई-हक्कवरूनही टाकता येतो. नोटीस निघते, १५ दिवस हरकतीला, हरकत नाही आली तर मंडळ अधिकारी फेरफार, म्हणजे नाव बदलाची नोंद, मंजूर करतो. कोर्ट नाही, वकील नाही.

कोरडवाहू
मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. माझा विरोध बाईच्या नावाला नाही. पण आमच्याकडं आधीच दोन-दोन एकराचे तुकडे, त्यात प्रत्येक वारसाचं नाव लावलं की कर्ज काढायला दहा सह्या, मोजणीला दहा सह्या, एक जण पुण्यात एक सुरतेला. शेती करणाऱ्याचे हाल होतात. आणि खरं सांगायचं तर तरुण विधवा असली, उद्या तिनं दुसरं लग्न केलं तर जमीन दुसऱ्या घरात जाते ही भीती घरच्यांना असतेच. ती भीती तुम्ही नुसतं कायदा कायदा करून जाणार नाही.

चुलीपलीकडे
@कोरडवाहू दादा, दहा सह्यांचा त्रास चार भावांच्या वेळी कुणाला होत नाही, बहिणीचं आणि वहिनीचं नाव आलं की होतो. आणि नवरा बायको मेल्यावर दुसरं लग्न करतो तेव्हा त्याची जमीन कुठल्या घरात जाते हो?

कोरडवाहू
पहिला मुद्दा मान्य. दुसऱ्यावर विचार करतो.

कायद्याचं_बोला
मी जिल्हा न्यायालयात वकिली करते. @बांधावरची, तुमच्या मैत्रिणीचं गणित मांडून देते, हे इतरांनाही उपयोगी पडेल. आधी सांगा, सासू आहे का आणि सासऱ्यांना मुलं किती?

बांधावरची
सासू आहे. दोन मुलगे आणि एक मुलगी. मुलगी लग्न होऊन शेजारच्या तालुक्यात असते.

कायद्याचं_बोला
ठीक. सासऱ्यांची स्वकष्टार्जित जमीन आणि मृत्युपत्र नाही असं धरते. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे सासू, दोन मुलगे, एक मुलगी असे चार सारखे वाटे. चार एकर म्हणजे प्रत्येकी एक एकर. आता गेलेल्या मुलाचा जो एक एकर, म्हणजे ४० गुंठे, त्याचे वारस कोण? बायको, दोन मुलं आणि त्याची आई. आई बऱ्याच जणांना आठवत नाही पण ती आहे. प्रत्येकी १० गुंठे. म्हणजे तुमच्या मैत्रिणीला आणि लेकरांना मिळून ३० गुंठे, सासूला तिचा एकर अधिक १० गुंठे, दिराला एकर, नणंदेला एकर. वडिलोपार्जित असती तर हिशोब वेगळा झाला असता, ते प्रत्येक घराचं कागद बघूनच सांगावं लागतं.
एक सावधगिरी. सातबारा ही महसुलाची नोंद आहे, नाव लागलं की मालकी जन्मली किंवा नाव नाही म्हणजे हक्क मेला असं नसतं. हक्क नवरा गेला त्या क्षणीच तिला मिळाला. पण सोसायटी, बँक, पीएम किसान, पीकविमा सगळे उताराच बघतात, त्यामुळे व्यवहारात नाव नसलेला हक्क म्हणजे कुलूप लावलेली कणगी.

खुरपं
३० गुंठे??? १५ वर्षं चार एकर एकटीनं खुरपलं तिनं

कायद्याचं_बोला
@खुरपं, हो. कष्टाची नोंद आपल्या वारसा कायद्यात नाही. म्हणून नवरा जिवंत असताना नाव लावणं महत्त्वाचं, त्यावर कुणीतरी लिहा.

शिवारफेरी
त्यावर मी लिहितो, कारण आमच्या घरात ते झालंय. शरद जोशींनी शेतकरी संघटनेतून लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला होता, १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर काही वर्षांनी. नवऱ्याने स्वतःहून बायकोच्या नावावर जमीन करून द्यायची, आणि ज्या गावात शंभर घरांनी तसं केलं ते लक्ष्मीमुक्तीचं गाव. माझ्या वडिलांनी तेव्हा आईच्या नावावर एक एकर केली. गल्लीतल्या लोकांनी त्यांना काय काय नावं ठेवली. वडील १९९८ ला गेले. आम्ही तिघे भाऊ लहान, चुलत्यांनी बाकीच्या जमिनीत कागदोपत्री भरपूर घोळ घातला पण त्या एका एकराला कुणाला हात लावता आला नाही. त्याच्यावर आईनं सोसायटीचं कर्ज काढलं, आम्हाला शिकवलं. मी आज जे टाइप करतोय ते त्या एकरामुळं.
नंतर १९९२ मध्ये शासनाचंही परिपत्रक निघालं लक्ष्मीमुक्तीच्या नावानं, नवऱ्याने अर्ज केला तर त्याच्या हिश्श्याच्या जमिनीत बायकोचं नाव सहधारक म्हणून लावता येतं. ते परिपत्रक प्रिंट करून खिशात ठेवा, बऱ्याच ठिकाणी समोरचा म्हणतो असं काही नसतंच.

निवृत्त_तलाठी
बरोबर. त्याला मुद्रांक, खरेदीखत काही लागत नाही, नवऱ्याचा अर्ज लागतो. आणि गंमत सांगतो, माझ्या शेवटच्या सज्जात एका वर्षी आठ मार्चला ४० अर्ज आले होते, त्यातला एक आजोबा ८० वर्षांचा. म्हटलं आजोबा आता का? तर म्हणे 'आत्तापर्यंत भांडण चालू होतं, काल मिटलं.'

मुक्कामपोस्ट
आजोबांना साष्टांग 🙏😄

ओटीभर
मला दुसऱ्या बाजूचं लिहायचंय, म्हणजे निराधारच्या फॉर्मचं, कारण धागा सगळा जमिनीकडं वळला. गावात किती बायकांच्या घरात जमीनच नाही याचा विचार कुणी केला का. आमच्या भागातून दिवाळीनंतर अर्धं गाव ऊसतोडीला जातं. तिथं नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, उचल घेतो नवरा, सही त्याची, आणि बाई पहाटे चारला उठून भाकरी करून दिवसभर मोळ्या वाहते तिचा स्वतःचा म्हणून एक रुपया मोजला जात नाही. कोयता अर्धा तिचा आणि हिशोब सगळा त्याचा. त्या बाईला सातबारा सांगून काय करू?
संजय गांधी निराधार १९८० पासून आहे. महिन्याला १५०० मिळतात, पण उत्पन्नाची अट वर्षाला २१ हजार. म्हणजे जी बाई महिन्याला १८०० रुपये कमावते ती निराधार नाही! आमच्या इथं एक बाई तीन वर्षं नुसते चकरा मारत होती. विधवेला निदान मृत्यू दाखला असतो. टाकलेल्या बाईचा नवरा जिवंत असतो, दुसरीबरोबर राहत असतो, तिला टाकलंय असा पुरावा तिनं आणायचा कुठून? सरपंच म्हणतो कोर्टाचा कागद आण, कोर्टात जायला गाडीभाडं नाही. तिच्याकडं लाडक्या बहिणीच्या केवायसीला नवऱ्याचा नाहीतर बापाचा आधार मागितला तेव्हा ती दोन दिवस जेवली नाही, म्हणाली दोघंही नाहीत मला, मी कुणाची बहीण मग? नंतर काढला मार्ग अशा बायकांसाठी, पण ते दोन दिवस गेलेच ना तिचे.

चुलीपलीकडे
वाचून गलबललं.

घारीची_नजर
@ओटीभर, खूप महत्त्वाचं लिहिलंत. त्यात भर, लाडकी बहीण आणि निराधार दोन्ही १५००, दोन्ही एकदम मिळत नाहीत, हे बायकांना आधी नीट सांगा नाहीतर नंतर वसुलीची भीती घालतात. आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस १८ ते ५९ वयात गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे एकरकमी २० हजार मिळतात, तहसीलमध्ये त्याच संजय गांधी शाखेत अर्ज. हे तर बहुतेकांना माहीतच नसतं.
कोरोनात गेलेल्यांच्या बायकांसाठी हेरंब कुलकर्णी आणि इतरांनी कोरोना एकल महिला पुनर्वसन समिती केली होती, तिथं पद्धत चांगली होती. तालुक्याची यादीच करायची, नाव, लेकरं, काय मिळालं, काय नाही, आणि ती यादी घेऊन अधिकाऱ्यापुढं बसायचं. २०२१ मध्ये अशा बायकांसाठी शासनाचं मिशन वात्सल्य आलं ते अशा पाठपुराव्यातून. एकटी बाई गेली की 'पुढच्या सोमवारी या', ४० जणींची यादी गेली की खुर्च्या मागवतात.

कोरडवाहू
खुर्च्या मागवतात हे खरंय 😄 आणि चहापण.

सांजवात
सगळं वाचलं. एक प्रश्न विचारू का, कुणाला टोचेल. वकीलताईंनी हिशोब दिला त्यात नणंदेचा एक एकर आहे. तुमच्या ग्रामसंघाची मोहीम त्या नणंदेचं नाव लावणार आहे का? का तिच्याकडून हक्कसोड लिहून घेणार, विधवा वहिनीसाठी, लेकरांकडं बघून?
मी ती नणंद आहे. म्हणजे तुमच्या गावची नव्हे. भाऊ गेला तेव्हा तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मला दुय्यम निबंधकाकडं नेलं. साडी घेतली होती मला. सही केली. वहिनीसाठी केली असं वाटलं, पण नाव लागलं थोरल्या भावाचं, वहिनी आजही मजुरीनं जाते आणि मी माहेरी गेले की दोन दिवसांनी विचारतात परत कधी निघणार.

खुरपं
🙏

चुलीपलीकडे
सांजवात, हे आमच्याकडं घरोघरी आहे. 'बहिणीनं हक्क मागितला की माहेर तुटतं' हे वाक्य आपल्याला लहानपणापासून पाजलेलं असतं. माहेर कुणी तोडलं ते कुणी विचारत नाही.

कायद्याचं_बोला
@सांजवात, तुमचा प्रश्न या धाग्यातला सर्वात अवघड आहे. कायदा तुमच्या बाजूनं आहे. वडिलोपार्जित जमिनीत मुलगी जन्मानं वारस, महाराष्ट्रात १९९४ ला दुरुस्ती झाली पण ती तोवर लग्न न झालेल्या मुलींपुरती, देशभर ९ सप्टेंबर २००५ पासून सगळ्या मुलींना, आणि ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं की वडील २००५ ला हयात असायची गरज नाही. पण नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र मागं फिरवणं फार कठीण असतं, फसवणूक सिद्ध करावी लागते. माझ्याकडं येणाऱ्या बायकांतल्या बऱ्याच जणींनी सही केलेला कागद तोवर वाचलेलाच नसतो. म्हणून मोहिमेत माझ्याकडून एक गोष्ट घाला, सुतकात सही नाही. वर्ष जाऊ द्या, मग काय द्यायचं ते द्या. आणि द्यायचंच असेल तर कुणाच्या लाभात सोडतोय ते नाव कागदात लिहून घ्या, वहिनीसाठी तर वहिनीचंच नाव.

कोरडवाहू
सांजवात ताई, मी परवा जे लिहिलं ते मागं घेत नाही पूर्ण, सह्यांचा त्रास आहेच. पण माझ्या दोन बहिणींच्या सह्या २०११ ला घेतल्यात. दोघींना मीच स्टँडवर आणायला गेलो होतो. त्यांनी काही विचारलं नाही आणि मी काही सांगितलं नाही. रात्री झोप नाही आली. यावर काय करायचं ते बघतोय, बायकोशी बोललो.

मुक्कामपोस्ट
@कोरडवाहू, हे इथं लिहिलंत, मान आहे तुम्हाला.

बांधावरची
मंडळी, आठ दिवस आले नाही, धावपळ होती. सगळं वाचलं, काही काही दोनदा.
अपघात योजनेचा अर्ज २७ व्या दिवशी दिला, पोच घेतली. तिथं पहिलाच प्रश्न काय विचारला असेल? वारस नोंद आहे का. सातबारा मयत सासऱ्याच्या नावावर, मग मयत शेतकरी कुटुंबातला कसा ते दाखवा. तालुक्याहून परत येताना एसटीत आम्ही दोघी गप्पच होतो, मग तीच म्हणाली, ताई, अनुदान आधी का जमीन आधी असं आपण भांडत बसलो, आणि दारं दोन असली तरी किल्ली एकच निघाली की. त्याच दिवशी वारस नोंदीचा अर्ज टाकला. सासू, दीर, नणंद, ती, दोन्ही लेकरं, सगळ्यांची नावं.
सांजवात, तुमचं लिहिलेलं मी मीटिंगमध्ये मोबाइलवरून वाचून दाखवलं, नाव न घेता. ३०-३५ जणी होत्या. कुणी बोलेना. मग मी विचारलं हक्कसोडवर सही किती जणींनी केलीय, तर आधी दोन हात वर आले, मग पाच, मग मोजायचं सोडून दिलं. माझाही होता. आणि त्याच आम्ही, आपापल्या नणंदांकडून सह्या घ्यायच्या म्हणून नवऱ्यांच्या मागं लागलेल्या. एक म्हातारी म्हणाली, आपण आपल्याच पदराची गाठ आपणच मारत आलो. त्यावर बरीच वादावादी झाली, दोघी उठून गेल्या, एक अजून बोलत नाही माझ्याशी. पण ठरलं की मोहिमेत सुनेचं आणि लेकीचं, दोन्ही नावं. सुतकात सही नाही हे तर सगळ्यांनी लगेच मान्य केलं.
ओटीभर, बिनजमिनीच्या बायकांची यादी वेगळी करतोय, २३ नावं झाली आत्तापर्यंत. त्यात नऊ टाकलेल्या आहेत. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते, ती आमच्याकडं कागदावरच व्हायची, यावेळी खरी घेणार आणि ती यादी तिथं वाचणार, ठराव घेऊन तहसीलला. घरकुलांच्या नोंदीत, म्हणजे ग्रामपंचायतीच्या नमुना आठला नवरा-बायको दोघांची नावं लावायचा अर्जही सोबतच देणार, जिला शेत नाही तिला निदान डोक्यावरचं छप्पर तरी कागदावर असू दे.
निवृत्त_तलाठी काका, उतारा वाचनाचा दिवस पुढच्या रविवारी ठेवलाय, शाळेत. जमेल का यायला?

निवृत्त_तलाठी
येतो. व्यक्तिगत निरोपात गाव कळवा. बायकांना सांगा उतारा डिजिटल सहीचा आणा आणि जुने फेरफार मिळाले तर तेही, इतर हक्कातल्या आज्या त्यातच सापडतात.

खुरपं
काका आमच्या गावाला पण या ना

सांजवात
बांधावरची, वाचून दाखवलंत, बरं वाटलं. काल वहिनीला फोन केला, सहा वर्षांनी. म्हटलं उतारा काढ, बघू एकदा काय लिहिलंय ते.